स्केल नदीकाठचा फाउंटन्स मठ

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, रिपन गावाजवळ, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात फाउंटन्स मठाच्या या भिंती उभ्या आहेत. यॉर्क शहरातील सेंट मेरी या संपन्न बेनेडिक्टाइन ख्रिस्ती मठात संत बेनेडिक्टने संन्याशांसाठी घालून दिलेला नेम नीट पाळला जात नाही, अशी तक्रार करत ११३२ साली तेरा संन्यासी तेथून बाहेर पडले. यॉर्कचे मुख्य धर्मगुरू, आर्चबिशप थर्स्टन यांनी त्यांना आसरा दिला आणि ही ओसाड, झाडाझुडपांनी वेढलेली जागा नेमून दिली. पुढे त्यांनी सिस्टर्शियन पंथ स्वीकारला. न रंगवलेल्या लोकरीचे वस्त्र, साधे अन्न आणि अंगमेहनत हा त्या पंथाचा आग्रह होता.

आता मठाच्या पश्चिमेकडील ही इमारत पाहा. सुमारे ९० मीटर लांबीच्या या दालनाच्या मधोमध खांबांची एकच रांग आहे आणि दगडी कमानींचे सगळे छत तिने तोलून धरले आहे. मठाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर चर्चच्याही आधी इथे यावे, असे मला वाटते. इथे खाली कोठार आणि भोजनगृह होते, तर वरच्या मजल्यावर श्रमाची कामे करणारे बंधू झोपत. त्यांनीही आजन्म व्रत घेतलेले असे. परंतु बहुतेक जण निरक्षर असल्याने संन्याशांबरोबर लॅटिन स्तोत्रे म्हणण्याऐवजी ते शेत नांगरीत, दगड फोडीत आणि दूरदूरच्या वाड्यांवर मेंढ्या राखीत. चर्चमध्येही त्यांची जागा वेगळी, पश्चिमेच्या टोकाला असे. त्यांच्या हातून निघालेली लोकर इटालियन व्यापारी विकत घेत आणि तिच्यावरच हा मठ इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत सिस्टर्शियन मठ झाला. पुढे लोकर काही वर्षे आगाऊ विकण्याची सवय लागली. मेंढ्यांवर रोग आला तेव्हा कबूल केलेला माल देता येईना, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मठ कर्जात बुडाला. १३४९ च्या प्लेगच्या महामारीनंतर असे बंधू मिळेनासे झाले व जमिनी कुळांना खंडाने द्याव्या लागल्या.

समोरचा उंच मनोरा मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबी यांनी उभारला. १४९५ ते १५२६ हा त्यांचा कार्यकाळ. सिस्टर्शियनांच्या जुन्या नियमांनी दगडी मनोऱ्यांना मनाई केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे साधेपणासाठी यॉर्क सोडून आलेल्यांचा मठ किती दूर आला होता, ते कळते.

राजा आठवा हेन्री याने पोपशी संबंध तोडल्यानंतर १५३६ पासून मठ बरखास्त होऊ लागले. २६ नोव्हेंबर १५३९ रोजी फाउंटन्स मठ राजाच्या ताब्यात गेला. छपरांचे शिसे उतरवले गेले आणि चर्च उघडे पडले. पुढे मठाचाच दगड वापरून शेजारी फाउंटन्स हॉल हा वाडा बांधण्यात आला. चर्चच्या जमिनीवर आज गवत आहे. त्या बंधूंच्या कोठारावरचे कमानींचे छत मात्र अजून शाबूत आहे.