बोगोताचा रविवार

दक्षिण अमेरिकेला जायचं ठरलं की आपल्याकडे यादी ठरलेली असते: रिओचा येशूचा पुतळा, माचू पिचू, ब्यूनॉस आयर्सचा टँगो. कोलंबियाची राजधानी बोगोता त्या यादीत सहसा नसते. असलीच तर विमान बदलण्यापुरती. आज मी तिची बाजू मांडणार आहे, आणि तीही एकाच वाराच्या जोरावर. बोगोता पाहायची तर रविवारी पाहा.

आधी उंचीचं सांगतो. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. बोगोता साधारण 2,600 मीटरवर वसलेली आहे, आणि ती काही डोंगरावरची टुमदार वसाहत नाही, सत्तर लाखांवर माणसांचं शहर आहे. विषुववृत्त जवळ असलं तरी सकाळी स्वेटर लागतो. पहिल्या दिवशी साधा जिना चढतानाही धाप लागते, तेव्हा सावकाश चाला.

रविवारी सकाळी सात वाजता शहरातले मोठमोठे रस्ते गाड्यांना बंद होतात. याला तिथे ‘सिक्लोविया’ म्हणतात. 1974 साली सायकलप्रेमींनी रस्त्यावर उतरून याची सुरुवात केली. आज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ते दुपारी दोनपर्यंत माणसांच्या ताब्यात असतात. दर रविवारी आणि सणासुदीच्या सुट्टीलाही. मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे ‘दर रविवारी’. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात पादचारी दिन होतो, तो मला मनापासून आवडतो. पण तो वर्षातला एक दिवस. बोगोतात हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला त्याचं अप्रूपही राहिलेलं नाही, आणि पन्नास वर्षांनंतर ते तसंच असायला हवं.

सेप्तिमा नावाचा रस्ता धरा. आजोबा चालतायत, बाई कुत्र्याला घेऊन पळतायत, एक बाप मुलीच्या सायकलच्या सीटला धरून वाकून धावतोय. चौकात गणवेशातली तरुण पोरं ‘थांबा’चा फलक आडवा धरून सायकलींना थोपवतात, आडव्या रस्त्यावरच्या गाड्या जाऊ देतात आणि मग पुन्हा वाट मोकळी करतात. कडेला संत्र्यांचा रस काढणारे, कापलेली फळं विकणारे. एका छत्रीखाली पंक्चरवाला बसलेला. परातीतल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधण्याची त्याची पद्धत आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यासारखीच. बोगोताची उत्तर बाजू श्रीमंत, दक्षिण गरीब. एरवी दोन्हींची फारशी गाठ पडत नाही. रविवारी मात्र एकाच डांबरावर दोघांची चाकं फिरतात. एकेकाळी बॉम्बस्फोट आणि अपहरणं सोसलेल्या शहरात, अनोळखी माणसांच्या गर्दीत निर्धास्त फिरता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

याच सेप्तिमावर, हिमेनेस मार्गाच्या कोपऱ्याशी, जरा थांबा. 9 एप्रिल 1948 रोजी होर्हे एलिएसेर गाइतान या लोकप्रिय नेत्याला इथे भरदुपारी गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी शहर पेटलं, ट्राम जळाल्या, आणि आधीच धुमसत असलेला हिंसाचार देशभर भडकला. भिंतीवर त्यांच्या स्मृतीचे फलक आहेत. लोक चालता चालता थांबतात, वाचतात.

तिथून सुवर्ण संग्रहालय दोन पावलांवर. हजारो दागिने बघत बसलात तर डोळे थकतील. सरळ मुइस्का या इथल्या मूळ रहिवाशांच्या सोन्याच्या तराफ्याकडे जा. जेमतेम वीत भर लांब, तारेइतक्या बारीक सोन्यातून घडवलेला. मधोमध राजा, भोवती त्याच्याहून लहान आकाराचे सेवक. बोगोताजवळच्या ग्वाताविता सरोवरात अंगाला सोन्याची भुकटी माखलेला नवा राजा तराफ्यावरून मध्यभागी जाऊन पाण्यात सोनं अर्पण करायचा, अशी कथा. ‘एल दोरादो’ची, म्हणजे सोन्याच्या राज्याची, सगळी दंतकथा इथली. त्या सोन्यासाठी स्पॅनिशांनी सरोवराचा काठ कापून पाणी सोडलं, ती खाच आजही दिसते. हा तराफा मात्र एका गुहेत सुखरूप राहिला आणि 1969 साली सापडला.

जेवायला अहियाको. कोंबडीचं दाट सूप; त्यात तीन जातींचे बटाटे, मक्याचं कणीस आणि ग्वास्कास नावाचा पाला. पिवळा, छोटा क्रिओया बटाटा शिजून पार विरघळतो, दाटपणा त्याचाच. आपल्या वड्यातल्या बटाट्याचं माहेर हीच अँडीज पर्वतरांग, म्हणून ही वाटी चुकवू नका. शाकाहारी मंडळींनी गरम चॉकलेट आणि चीज मागवावं. चीजचे तुकडे चॉकलेटात बुडवून, मऊ झाले की चमच्यानं खातात. ऐकायला विचित्र वाटतं, पण थंडीत त्याला तोड नाही.

तिकीट काढताना एवढं पाहा: शनिवारी रात्रीच्या आत पोहोचा, म्हणजे सकाळचे सात हाती लागतील. सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा ते पुढच्या दिवसावर ढकलू नका. आणि पिशवीत छत्री ठेवा. दुपारनंतर तिथे पाऊस कधीही येतो.