सहायक प्रशिक्षक निघून गेला, तर सही केलेल्या मुलाने काय करायचे?

नमस्कार. आज आपण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलविषयी बोलणार आहोत, आणि तेही मैदानावरच्या खेळाविषयी नव्हे, तर त्या खेळासाठी मुले कशी मिळवली जातात आणि ती मिळवून आणणारा माणूसच नोकरी बदलून गेला की काय होते, याविषयी. कोलंबस, ॲन आर्बर किंवा ऑस्टिनला शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना शनिवारच्या सामन्याला लाखभर माणसे कशी लोटतात हे चांगले ठाऊक असते. पण त्या गर्दीसमोर उतरणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा त्या विद्यापीठात कोणाच्या शब्दावर आला, हे फारसे कुणी विचारत नाही. पुष्कळदा तो एका सहायक प्रशिक्षकाच्या शब्दावर आलेला असतो.

[पडद्यावर: ४ फेब्रुवारी २०१५]

या दिवशी जॉर्जिया राज्यातल्या मेकन काउंटी हायस्कूलचा रोक्वान स्मिथ हा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीत मधल्या जागी खेळणारा खेळाडू, कॅमेऱ्यांसमोर बसला आणि यूसीएलएचे हातमोजे चढवून, आपण कॅलिफोर्नियातल्या या विद्यापीठाकडून खेळणार असल्याचे त्याने जाहीर केले. आता फक्त सही केलेला कागद विद्यापीठाला पाठवायचा राहिला होता. तो कागद गेलाच नाही. यूसीएलएच्या बचावफळीची धुरा सांभाळणारे जेफ उलब्रिक हे अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाकडे जाणार असल्याच्या बातम्या त्याच सुमारास आल्या, आणि ज्या माणसाच्या हाताखाली शिकायचे म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचे, तोच तिथे नसेल तर सही कशासाठी करायची, असा रास्त प्रश्न त्या मुलापुढे उभा राहिला. तो थांबला. काही दिवसांनी त्याने आपल्याच राज्यातले जॉर्जिया विद्यापीठ निवडले, आणि तिथेही ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही न करता केवळ शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली.

या दोन कागदांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण सगळी मेख तिथेच होती. शिष्यवृत्तीचा करार विद्यापीठाला बांधत असे: या मुलाला आम्ही इतकी मदत देऊ, असे ते वचन होते. लेटर ऑफ इंटेंट मात्र मुलाला बांधत असे. त्यावर सही करून मुलगा दुसरीकडे गेला, तर त्याला एक वर्ष बाहेर बसावे लागे आणि खेळण्याच्या पात्रतेतला एक हंगामही गमवावा लागे. आपण प्रशिक्षकाशी नव्हे, तर संस्थेशी करार करत आहोत, हेही त्या कागदात स्पष्ट लिहिलेले असे. रोक्वान स्मिथने तो कागद टाळला आणि विद्यापीठाने ते मान्य केले, कारण तो तेवढ्या तोलाचा खेळाडू होता. पुढे २०१७ मध्ये त्याने देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला मिळणारा बटकस पुरस्कार जिंकला आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात त्या प्रक्रियेत, शिकागो बेअर्स या संघाने त्याला आठव्या क्रमांकावर घेतले. ज्याच्या मागे दहा विद्यापीठे लागलेली नसतात, त्या मुलाला अशी अट घालता येत नाही.

त्याच दिवशी डेट्रॉइटच्या कॅस टेक या शाळेतल्या माइक वेबर या रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या खेळाडूने, ओहायो स्टेटसाठी सही केली. सहीची शाई वाळते न वाळते तोच, त्याला शिकवणार असलेले रनिंग बॅकचे प्रशिक्षक स्टॅन ड्रेटन शिकागो बेअर्सकडे निघाल्याची बातमी आली. वेबरने आपले दुःख समाजमाध्यमावर लपवले नाही, आणि त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकांनीही उघड नाराजी व्यक्त केली. त्याच आठवड्यात टेक्सास विद्यापीठाच्या बचावफळीतले एक प्रशिक्षक, क्रिस रंफ, फ्लोरिडा विद्यापीठाकडे गेले. वेबर ओहायो स्टेटमध्येच राहिला आणि २०१६ च्या हंगामात त्याने १,०९६ यार्डांची धाव नोंदवली. त्याचे बरे झाले, म्हणून जे घडले ते बरे होते असे मी म्हणणार नाही. आपला प्रशिक्षक जाणार हे ठाऊक असताना सही होईपर्यंत त्याची वाच्यता न करणे हा, कोणत्याही विद्यापीठाने केला तरी, त्या मुलावर अन्याय आहे.

आता या माणसांचे काम नेमके कसे चालते ते पाहू. विद्यापीठाच्या संघात एक मुख्य प्रशिक्षक असतो. २०१८ च्या जानेवारीपासून त्याच्या हाताखाली दहा सहायक ठेवण्याची मुभा मिळाली, त्याआधी ती नऊ होती. २०२४ मध्ये मैदानावर शिकवणाऱ्यांच्या संख्येवरची मर्यादा उठली, तरी विद्यापीठाबाहेर जाऊन मुलांना भेटण्याची परवानगी मुख्य प्रशिक्षक आणि दहा सहायक, अशा अकरा जणांनाच राहिली. यातल्या प्रत्येक सहायकाकडे साधारणपणे दोन जबाबदाऱ्या असतात. एक म्हणजे त्याच्या जागेचे खेळाडू, समजा फेकलेला चेंडू झेलणारे वाइड रिसीव्हर किंवा बचावाची पुढची फळी, म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. आणि दुसरी म्हणजे एखादा भूभाग, जिथल्या शाळा, तिथले प्रशिक्षक, तिथली घरे त्याने ओळखीची ठेवायची. म्हणूनच एक सहायक गेला की विद्यापीठाला एकाच वेळी दोन खिंडारे पडतात. त्याच्या जागेसाठी शब्द दिलेली मुले अस्वस्थ होतात, आणि त्याच्या भूभागातल्या शाळांची दारेही पहिल्यासारखी सहज उघडत नाहीत.

दुसरे खिंडार बुजायला जास्त काळ लागतो, असे माझे मत आहे. लॅरी जॉन्सन यांचे उदाहरण घ्या. महाविद्यालयीन खेळात येण्यापूर्वी त्यांनी मेरीलँड आणि त्या परिसरातल्या शाळांमध्ये शिकवले होते. १९९६ ते २०१३ अशी अठरा वर्षे ते पेन स्टेटमध्ये होते. २०१४ मध्ये तिथे नवे मुख्य प्रशिक्षक आले, जॉन्सन ओहायो स्टेटला गेले, आणि त्यांच्याबरोबर त्या परिसरातल्या ओळखीही गेल्या. पुढे मेरीलँडच्या डीमॅथा या शाळेतला चेस यंग ओहायो स्टेटला आला आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. तो केवळ जॉन्सन यांच्यामुळे आला असे म्हणता येणार नाही. ओहायो स्टेटचे नावच मोठे आहे. पण ज्या शाळेच्या प्रशिक्षकाशी वर्षानुवर्षे उठबस आहे, तिथे आपला शब्द मोलाचा ठरतो, आणि ते संबंध विद्यापीठाच्या मालकीचे नसतात.

[पडद्यावर: कॅलिफोर्निया ते वॉशिंग्टन, जानेवारी २०१२]

ते संबंध किती घट्ट असू शकतात, हे टॉश लुपोई यांच्या बदलीने दाखवून दिले. ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातच खेळले आणि तिथेच सहायक झाले, आणि मुलांना वळवण्यात त्यांचा हातखंडा होता. सहीच्या दिवसाला काही आठवडे उरले असताना ते वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. सॅक्रामेंटोच्या शॅक थॉम्पसनने बर्कलीला शब्द दिला होता आणि त्याचा थोरला भाऊ तिथूनच खेळला होता. तरीही त्याने वॉशिंग्टन निवडले. म्हणजे भावाच्या विद्यापीठाची ओढही प्रशिक्षकावरच्या विश्वासापुढे कमी पडली. थॉम्पसनला २०१५ मध्ये कॅरोलायना पँथर्सने पहिल्या फेरीत घेतले. आणि लुपोई? डिसेंबर २०२५ मध्ये त्याच बर्कलीने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून परत बोलावले.

मराठी घरांत हे समजायला अवघड जाऊ नये. पीएचडीला प्रवेश घेताना विद्यार्थी विद्यापीठाइतकाच मार्गदर्शक पाहतो, आणि मार्गदर्शक दुसऱ्या संस्थेत गेला की संशोधनाचे काय होते हे ज्याने भोगले आहे त्यालाच ठाऊक.

आता वेळापत्रकाकडे येऊ, कारण माझ्या मते खरा दोष तिथे आहे. २०१७ पर्यंत शाळेतल्या मुलांच्या सह्या फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारपासून सुरू होत. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून आगाऊ सहीचा काळ आला, आणि २०२४ मध्ये तो आणखी अलीकडे, डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आणला गेला. त्याच सुमारास काय चालू असते ते पाहा. नोव्हेंबरच्या शेवटी नियमित हंगाम संपतो. हरलेल्या संघांचे मुख्य प्रशिक्षक काढले जातात, त्यांच्या जागी दुसऱ्या विद्यापीठांतून माणसे येतात, येताना आपले सहायक घेऊन येतात, आणि त्या सहायकांच्या रिकाम्या जागा भरायला आणखी तिसरीकडून माणसे उचलली जातात. व्यावसायिक संघांच्या नेमणुका तर त्यानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत होतात. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने आधी सही करायची आणि त्याला कोण शिकवणार हे नंतर ठरायचे. फेब्रुवारीचा दिवस अजूनही आहे, थांबणाऱ्याला थांबता येते. पण डिसेंबरातच शिष्यवृत्तीच्या बहुतेक जागा भरल्या जात असल्यामुळे थांबण्याची ऐपत थोड्यांनाच असते.

[पडद्यावर: डिसेंबर २०२५, ओहायो स्टेट]

ताजे उदाहरण ब्रायन हार्टलाइन यांचे आहे. स्वतः ओहायो स्टेटचे माजी रिसीव्हर असलेल्या या प्रशिक्षकाच्या हाताखालचे पाच रिसीव्हर २०२२ ते २०२५ या चार वर्षांत पहिल्या फेरीत निवडले गेले: गॅरेट विल्सन, क्रिस ओलावे, जॅक्सन स्मिथ-एंजिग्बा, मार्विन हॅरिसन ज्युनिअर आणि एमेका एग्बुका. फ्लोरिडाचा जेरेमाया स्मिथ, टेक्सासचा स्मिथ-एंजिग्बा, वॉशिंग्टन राज्याचा एग्बुका अशी देशाच्या कानाकोपऱ्यांतली मुले ओहायोच्या थंडीत आली, यामागे आपल्याला कोण शिकवणार हा विचार मोठा होता. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, सह्यांच्या ऐन दिवसांत, हार्टलाइन साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. कॅलिफोर्नियातल्या मेटर डे शाळेच्या क्रिस हेन्री ज्युनिअरने २०२३ पासून ओहायो स्टेटला शब्द दिलेला होता. त्याने सही लगेच केली नाही. विचार करून, दोनेक दिवसांनी, त्याने तिथेच सही केली. मला हे वागणे फार समंजस वाटते. त्याने शब्द मोडला नाही, पण बदललेल्या परिस्थितीत तो डोळे मिटून पाळलाही नाही.

आता पैसा आल्यामुळे हे सगळे मागे पडले, असे पुष्कळजण म्हणतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देऊ शकतात. त्यामुळे सहायकाच्या गोड शब्दाचे वजन काही अंशी घटले, हे खरे. विद्यापीठेही एका माणसावर विसंबून न राहता जनरल मॅनेजर नेमू लागली आहेत. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये आपला माजी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला त्या पदावर आणले. तरीही दोन-तीन विद्यापीठांचे आकडे जवळपास सारखे असले, की निर्णय पुन्हा माणसावरच येतो, कारण व्यावसायिक खेळात जायचे असेल तर पुढची तीन वर्षे कोण शिकवतो यावर पुढची सगळी कमाई अवलंबून असते.

लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले. विद्यापीठाकडून मदतीच्या लेखी करारावर सही झाली की इतर विद्यापीठांनी त्या मुलाशी संपर्क थांबवायचा, हे बंधन मात्र राहिले. आधीच प्रवेश घेतलेल्या खेळाडूंसाठी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांनी नाव नोंदवायची यादी, आहे. पण २०२६ पासून ते वर्षातून एकदाच, २ ते १६ जानेवारी या काळात उघडते. मुख्य प्रशिक्षक बदलला, तर त्या संघाच्या खेळाडूंना पंधरा दिवसांची वेगळी सवलत मिळते. सहायक बदलला तर काहीच मिळत नाही. व्यावसायिक संघाने फेब्रुवारीत एखादा पोझिशन कोच, म्हणजे एका जागेच्या खेळाडूंना शिकवणारा सहायक, उचलला, तर त्याच्या भरवशावर आलेल्या मुलाला पुढच्या जानेवारीपर्यंत हलता येत नाही, आणि तो प्रशिक्षक मात्र दुसऱ्या दिवशी नव्या शहरात कामावर हजर असतो.

ही तफावत दूर करता येण्यासारखी आहे. ज्या जागेसाठी मुलगा आला, त्या जागेचा प्रशिक्षक सहीनंतर आणि पहिल्या हंगामाआधी गेला, तर निदान पहिल्या वर्षाच्या खेळाडूला दहा-पंधरा दिवसांची मुभा द्यावी. प्रत्येक सहायकाच्या बदलीने संघ विस्कटेल, हा आक्षेप मी ऐकला आहे, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच ही सवलत सगळ्या संघाला नव्हे, त्या एका जागेच्या नवागतांनाच असावी. तोपर्यंत आईवडिलांनी घरी आलेल्या प्रशिक्षकाला तीन प्रश्न न लाजता विचारावेत: तुमचा करार कधी संपतो, तुम्ही गेलात तर या मुलाला कोण शिकवेल, आणि त्या माणसाशी आमची गाठ सहीच्या आधी घालून द्याल का?