पाणी वाचवणारी बाग: मार्क देण्याआधी नळी बघा

नमस्कार मंडळी! "ताई, सोसायटीत पाणी वाचवणाऱ्या बागांची स्पर्धा आहे, परीक्षक म्हणून काय बघू?" दोन महिने हाच प्रश्न येतोय.

पाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन हवं, ते खोडाला टेकलेलं नको, भर दुपारी पाणी नको. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पुढे जाऊ.

मी आधी बघते ती पंगत. एका नळीवर कोण कोण जेवायला बसलंय? भरपूर पाणी पिणाऱ्या कर्दळीला लागून कमी पाण्याची कोरफड दिसली की मार्क तिथेच कापते.

यावर हमखास कमेंट येते, "पण आमच्याकडे ठिबक आहे." असू दे की! ताशी 4 लिटरचा ड्रिपर तासभर चालला, तर कर्दळीला 4 लिटर आणि कोरफडीलाही 4 लिटरच. कुणाची तहान किती, ते ठिबकला कळत नाही.

माझंच सांगते. मी अडेनियम, म्हणजे जाड बुंध्याचं, कमी पाण्यावर जगणारं झाड, पाणी लागणाऱ्या अळूच्या वाफ्याला खेटून लावलं होतं. पानं पिवळी पडली. मला वाटलं तहानलंय, अजून पाणी घातलं. एक दिवस बुंधा दाबून पाहिला, तर पिकलेल्या केळ्यासारखा मऊ. अंगठा आतच गेला. फार जीव होता माझा त्या झाडावर.

म्हणून परीक्षकांनो, नळापासून टोकापर्यंत नळी धरून चाला. झाडापाशी दोन इंच बोट खुपसा. कोरफडीखाली चिखल लागला, तर ती पंगत चुकली.

आणि ते पांढरे खडे! दोन निवडुंग, बाकी सगळे खडे, त्याला म्हणे पहिला नंबर. सोलापूरच्या मे महिन्यात खड्यांवरचं ऊन उलटून भिंतीवर आणि शेजारच्या पानांवर येतं. खाली मातीला पाचोळ्याचा कणही मिळत नाही. मी नाही देत मार्क.

लॉनला उन्हाळ्यात रोज 5-6 मिलिमीटर पाणी धरा. दहा चौरस मीटरला 50-60 लिटर झाले, तीन-चार बादल्या. पोरं खेळत असतील तर मी कापत नाही, नुसतं बघायला असेल तर कापते.

मागे एका आजींना मी पहिला नंबर दिला. त्या दिवशी बागेत फुलं जेमतेम होती. पण भाज्या धुतलेलं पाणी पाटातून थेट अळू-कर्दळीत जात होतं, आणि फाटकाजवळच्या, कमी पाण्यावर तगणाऱ्या कण्हेर-बोगनवेलीपर्यंत नळी पोचतच नव्हती.