एकाच कोडची दोन पेटंटं: लातूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांसमोर केलेलं भाषण

तर बगा, मला आज सांगायचंय ते एवढंच की एका शोधाला एकच पेटंट. ऐकायला सोपं वाटतंय, पण वायरलेसमधल्या एरर करेक्शन कोडच्या, म्हणजे वाटेत झालेली चूक दुरुस्त करणाऱ्या कोडच्या, बाबतीत "एक शोध" म्हणजे नेमका केवढा, हेच लवकर ठरत नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आधी कोड फळ्यावर करून घेऊ, नुसत्या गप्पा नकोत. समजा आपल्याला १०११ पाठवायचंय. सात जागा घ्या. ३, ५, ६, ७ या जागी आपला डेटा बसवा, आणि १, २, ४ या तीन जागा राखणदारीला ठेवा. पहिला राखणदार १, ३, ५, ७ या जागांवर ‘१’ हा आकडा किती वेळा येतो ते मोजून ती संख्या सम ठेवतो, दुसरा २, ३, ६, ७ मधले, तिसरा ४, ५, ६, ७ मधले. झालं, आपला कोडवर्ड निघाला ०११००११. आता हवेत गडबड झाली, सहावा बिट (सहाव्या जागेवरचा आकडा) उलटला आणि मोबाईलला मिळालं ०११०००१. मोबाईल काय करतो? पहिला गट तपासतो, सम आहे, ठीक. दुसरा गट विषम. चौथ्या जागेवाला गटबी विषम. विषम निघालेल्या राखणदारांच्या जागा दोन अधिक चार, सहा. सहावा बिट फिरवायचा, विषय संपला. परत पाठवा म्हणायची गरजच नाही. मला अजूनबी हे बघितलं की मजा येते, कारण चूक कुठं झाली ते चुकीनंच सांगितलं.

हा हॅमिंग कोड. बेल लॅब्सचा रिचर्ड हॅमिंग, त्याचं काम शनिवार-रविवारी रिलेच्या मशीनवर चालायचं, मशीनला चूक सापडली की ते काम टाकून द्यायचं, सोमवारी येऊन बघतो तर सगळं वाया. त्याचं डोकं फिरलं की चूक झाली हे कळतंय तर कुठं झाली हे का कळू नये. माहिती पाठवायचं गणित मांडणाऱ्या क्लॉड शॅननचा पेपर १९४८ चा, हॅमिंगचा १९५० चा. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की बेल लॅब्सनं त्याचं पेटंट पण घेतलं, हॅमिंग आणि होलब्रुक दोघांच्या नावानं, १९५१ मध्ये मिळालं. म्हणजे कोडिंग आणि पेटंट हे जोडीनंच चालत आलेत. उलटं पण झालंय, विटर्बीनं १९६७ ला कोड उलगडायचा जो अल्गोरिदम दिला त्याचं पेटंट घेतलंच नाही, आणि गॅलॅगरनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला एलडीपीसी (लो डेन्सिटी पॅरिटी चेक) नावाचे चूक दुरुस्त करणारे कोड मांडले ते तीसेक वर्षं कुणी विचारले नाहीत, कारण तेवढं गणित करायला तेव्हाची मशीनच पुरी पडत नव्हती. आज तुमच्या फाईव्हजीत डेटाला तेच एलडीपीसी आहेत, आणि नेटवर्कच्या सूचना नेणाऱ्या कंट्रोल चॅनलला एर्डाल आरिकानचे पोलर कोड.

आता मुद्द्यावर येतो. आत्ता फळ्यावर जो कोड केला तो मी तीन गटांचे नियम म्हणून सांगितला. दुसरा कुणी म्हणेल ही मॅट्रिक्स आहे. तिसरा गोल-चौकोन काढून ग्राफ दाखवील. चौथा एक्सॉर गेटची सर्किट काढील, पाचवा म्हणेल मी एन्कोडर (कोड बांधणारा) नाही, डिकोडर (कोड उलगडून चूक सुधारणारा) बनवलाय. कोड तोच. पण क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क सांगतोय ते, लिहायला बसलं की पाच वेगळे क्लेम होतात, आणि वकील हुशार असला तर पाच वेगळे अर्ज होतात. ही सोय साबणात नाही, पंपात नाही, गणितावर उभ्या असलेल्या गोष्टीत लई आहे.

तुम्हाला सातबारा माहितीय. एकाच गटाचा एक उतारा काढला, मग बांधाकडून मोजणी करून त्याच जमिनीचा दुसरा उतारा काढला, आणि पहिल्याची मुदत संपल्यावर दुसरा दाखवून म्हणायला लागला की रान अजून माझंच आहे, तर तलाठी काय म्हणेल? डबल पेटंटिंग म्हणजे हेच.

अमेरिकेत यावर कोर्टांनीच नियम बनवत नेला. पूर्वी तिथं पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं मोजायचे, म्हणून दुसरा अर्ज जितका लांबवला तितकी मुदत पुढं सरकायची. १९९५ पासून अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं झाली, तरी प्रश्न मिटला नाही, कारण ऑफिसनं उशीर केला तर तेवढे दिवस वाढवून मिळतात. मग तिथं कंपनी काय करते, टर्मिनल डिस्क्लेमर देते: दुसरं पेटंट पहिल्याबरोबरच संपेल आणि दोन्ही एकाच मालकाकडं राहतील, विकायची तर जोडीनं. हे न देता बसलं की काय होतं ते सेलेक्ट नावाच्या कंपनीच्या केसमध्ये दिसलं. कॅमेऱ्याच्या इमेज सेन्सरची चार पेटंटं, मूळ एकच, सॅमसंगनं फेरतपासणी मागितली, आणि २०२३ मध्ये फेडरल सर्किटनं, म्हणजे तिथल्या पेटंटच्या अपिलाच्या कोर्टानं, चारही रद्द धरली. वाढीव दिवसांसकट तारीख बघायची, असं कोर्ट म्हणालं. डिस्क्लेमर द्यावं म्हटलं तर पेटंटं आधीच संपलेली. आणि इथं बघायचे असतात ते दोन्हीकडचे क्लेम. आतल्या पानांवर काय लिहिलंय त्यावरून दुसरं पेटंट पडत नाही.

याउलट एक केस सांगतो, एकाच मुळाची पेटंटं तिथं नीट चाललीत. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेचे आयआरए कोड, हेबी चूक दुरुस्त करणारेच, शोधकांची नावं हुई जिन, आमोद खांडेकर आणि रॉबर्ट मॅकएलिस. (हो, खांडेकर, मी पण दोनदा वाचलं.) एकाच मुळातून निघालेली पेटंटं २००६, २००८, २०११ मध्ये मिळाली. वायफाय चिपवरून ॲपल आणि ब्रॉडकॉमवर दावा, २०२० मध्ये ज्युरीनं मिळून ११० कोटी डॉलर सांगितले, २०२२ ला वरच्या कोर्टानं ती रक्कम रद्द करून भरपाई परत ठरवा म्हणून सांगितलं, २०२३ ला तडजोड. म्हणजे एका झाडाला दोन-तीन पेटंटं असणं हा गुन्हा नाही, फक्त प्रत्येकात काहीतरी वेगळं दाखवता आलं पाहिजे.

आता आपल्याकडं. आपल्याकडं टर्मिनल डिस्क्लेमर हा प्रकारच नाही. पेटंट कायद्याचं कलम ४६(२) सरळ सांगतं, एक पेटंट एका शोधाला. एका अर्जात खरंच दोन शोध असतील तर कलम १६ खाली डिव्हिजनल, म्हणजे मूळ अर्जातून फोडलेला वेगळा अर्ज, काढायचा, आणि एकात जे क्लेम केलं ते दुसऱ्यात नको. दिल्ली हायकोर्टानं २०२३ ला सिंजेंटा कंपनीच्या केसमध्ये म्हटलं की दुसरा शोध मूळ क्लेममध्येच पाहिजे असं नाही, स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनात, दिसला तरी चालेल. आणि शुगरची गोळी डापाग्लिफ्लोझिन, तिच्यावर ॲस्ट्राझेनेका एकाच औषधासाठी दोन पेटंटं घेऊन कोर्टात गेली. २०२१ ला डिव्हिजन बेंचनं विचारलं की शोध एक, तर पेटंट दोन कामून? मनाई हुकूम मिळाला नाही.

कोडवाल्यांना अजून एक अडचण, कलम ३(के), नुसतं गणित आणि नुसता अल्गोरिदम चालत नाही. दिल्ली हायकोर्टाच्या फरीद अल्लानी केसमधल्या २०१९ च्या निकालानंतर टेक्निकल इफेक्ट (प्रत्यक्ष तांत्रिक फायदा) दाखवला तर दार उघडं आहे. म्हणून "मी नवी मॅट्रिक्स काढली" असं लिहू नका. त्या मॅट्रिक्समुळं डिकोडरला मेमरी कमी लागली का, बॅटरी वाचली का, ते लिहा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडची कॉलेजं. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकला आकडा दाखवायचा असतो, म्हणून एकाच बीईच्या प्रोजेक्टचे तीन अर्ज करायलेत: एक एन्कोडरचा, एक डिकोडरचा, एक "सिस्टीम अँड मेथड"चा, टायटल बदलून. त्यात २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सूट, मग तर विचारूच नका. वरून अर्ली पब्लिकेशनचा, म्हणजे अर्ज लवकर प्रसिद्ध करून घ्यायचा, फॉर्म ९ भरायचा, पब्लिश झालं की पेपरात फोटो, "प्राध्यापकांना पेटंट". अहो, पब्लिश झालं म्हणजे ग्रँट, पेटंट मंजूर होणं, नव्हे. मला हे सगळं लई खटकतं, आणि नुसतं खटकण्यापुरतं नाही, नुकसान तुमचंच आहे.

मघाशी मागून एका पोरीनं विचारलं ना, पहिला अर्ज एन्कोडरचा केलाय, पब्लिशबी झालाय, आता डिकोडरचा वेगळा टाकू का? तर ताई, आता तुमचाच पहिला अर्ज तुमच्या दुसऱ्याच्या विरोधात वाचला जाईल, पेटंट ऑफिसचा एक्झामिनर विचारणार की हे माहीत असताना डिकोडर काढण्यात नवं काय. पब्लिश व्हायच्या आधी टाकला असता तरी तोच क्लेम पहिल्यात असेल तर आधीच्या क्लेमशी पडताळणी करायला लावणारं कलम १३ आडवं येतंच. तुमच्या पहिल्या स्पेसिफिकेशनमध्ये डिकोडर सविस्तर लिहिलाय का ते आज घरी जाऊन बघा. लिहिला असेल आणि तो खरंच वेगळा शोध असेल, तर ग्रँट व्हायच्या आत डिव्हिजनल काढता येईल, तारीख पहिल्याचीच मिळेल. वीस वर्षं पण तिथूनच मोजतात, जास्तीचा एक दिवस नाही.