चार बेरजा आणि एक खड्डा

[दृश्य: गच्चीवरचा अँटेना, समोर उंच इमारतींची रांग]

टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर अँटेनापर्यंत दोनदा पोचते. एकदा थेट, एकदा समोरच्या इमारतीवर आपटून. दुसरीचा रस्ता 300 मीटर लांबचा असेल, तर तिला एक मायक्रोसेकंद उशीर होतो. एवढ्याशा उशिराने काय बिघडतं? काही फ्रिक्वेन्सींवर या दोघी एकमेकींना जोर देतात, काहींवर एकमेकींना खाऊन टाकतात. दर एक मेगाहर्ट्झला एक खड्डा! 8 मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये असे आठेक.

ओएफडीएम तंत्रात वेगवान माहिती हजारो संथ उपवाहकांवर, म्हणजे चॅनेलमधल्या शेजारशेजारच्या बारीक फ्रिक्वेन्सींवर, वाटून देतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेच्या रॉबर्ट चँग यांनी 1966 मध्ये त्याचा पाया घातला. प्रतिध्वनीचा त्रास त्याने आटोक्यात येतो, पण खड्ड्यात सापडलेल्या उपवाहकावरची माहिती जाते ती जातेच.

[दृश्य: काळा फळा, चार आकडे]

मग एकेका उपवाहकावर एकेक आकडा ठेवायचाच कशाला? समजा, +1, +1, −1, +1 पाठवायचे आहेत. अधिक-उण्याची चिन्हं चार ठरावीक पद्धतींनी (++++, +−+−, ++−−, +−−+) बदलून चार बेरजा करायच्या. येतात 2, −2, 2, 2. प्रत्येक बेरीज एका उपवाहकावर. आता दुसरा उपवाहक पार बुडाला, हाती आलं 2, 0, 2, 2. उलट हिशेब केला, म्हणजे त्याच चिन्हांनी पुन्हा बेरजा करून चारने भागलं, की दीड, अर्धा, उणे अर्धा, अर्धा मिळतात. आकडे खंगलेत, पण चारही चिन्हं शाबूत!

ही मांडणी इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर यांनी 1867 मध्ये दिली, तेव्हा हर्ट्झने रेडिओलहरी दाखवल्याही नव्हत्या. नाव मात्र लागलं फ्रेंच गणिती हॅडमार्ड यांचं.

पण फार हुरळून जाऊ नका. चारही आकडे +1 असले तर बेरजा येतात 4, 0, 0, 0. नेमका पहिला उपवाहक बुडाला, की चौघंही गेले. म्हणून चुका दुरुस्त करणारं कोडिंग सोबत लागतंच.

4जीमध्ये फोनकडून टॉवरकडे जाताना आकडे असेच पसरवतात, पण तिथे मुख्य कारण वेगळं: सिग्नलचे उंच सुळके कमी होतात आणि फोनच्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा ताण हलका होतो.

[दृश्य: आलेखावर ठिपक्यांची चौकट, हळूच तिरकी होते]

दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबईसह काही शहरांत आणलेल्या डीव्हीबी-टी2 या डिजिटल पद्धतीत याचंच एक चुलत भावंड आहे. आलेखावरचा एकेक ठिपका म्हणजे पाठवायच्या माहितीचा एकेक तुकडा, आणि त्याला आडवा आणि उभा असे दोन आकडे असतात. चौकट सरळ असेल तर एकट्या आडव्या आकड्यावरून ठिपका ओळखता येत नाही, कारण त्याच रेषेत इतरही असतात. चौकट जरा तिरकी केली, की कुठलाही एक आकडा पुरतो. मग दोन्ही वेगवेगळ्या उपवाहकांवर पाठवायचे. चार ठिपक्यांच्या चौकटीला 29 अंश फिरवतात. 256 ठिपक्यांच्या गर्दीत जेमतेम साडेतीन अंशांत काम भागतं.