फ्यूज काढला म्हणजे करंट गेला?

हा बोर्ड जरा जवळून बघा. लाकडी फळी, त्यावर चिनीमातीचे चार किटकॅट फ्यूज, झाकण कधीतरी होतं, त्याचे दोन स्क्रू अजून आहेत, झाकण मात्र गायब. एका खोलीतली लाईट गेली की घरातलं कोणीतरी स्टुलावर चढतं, एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हाताने फ्यूज खेचायचा, तार बदलायची, परत दाबायचा. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून भीतीही वाटत नाही.

आता फ्यूज बाहेर आलाय. आत बघा, दोन पितळी पट्ट्या, मध्ये जेमतेम बोटभर अंतर. एक घरात जाते, ती आता मेली. दुसरी मेनकडून येते आणि तिला फ्यूज काढल्याने काही फरक पडत नाही, 230 व्होल्ट जिथल्या तिथे. बरं, कुठली वर आणि कुठली खाली हे ज्याने वायरिंग केलं त्याच्या मर्जीवर, बघून कळत नाही. उलट फ्यूज आत असताना त्या पट्ट्या थोड्या तरी झाकलेल्या असतात, काढला की पूर्ण उघड्या.

आणि फ्यूज आहे ना मग शॉक कसा बसेल, हा तर भलताच गैरसमज. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. 5 अँपिअरचा फ्यूज म्हणजे 5000 मिलीअँपिअर, आणि छातीतून 30-40 मिलीअँपिअर जरा वेळ गेले तरी जिवावर बेतू शकतं, फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, तो 30 मिलीअँपिअरलाच पडतो.

फ्यूज-स्विचचे नवीन डबे तपासताना धातूचं एक खोटं बोट वापरतात, 12 मिलिमीटर जाड, 80 लांब, सांधे असलेलं. फटीतून घालून चालू भागाला टेकलं की डबा नापास. या फळीला फटच नाही म्हणा, सगळं मोकळंच.

जुन्या घरांत न्यूट्रललाही, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेलाही, फ्यूज असतो, तो उडाला तर बल्ब विझतो, पंखा थांबतो, सगळं मेलंय असं वाटतं, पण फेज, म्हणजे करंट आणणारी तार, बल्बच्या होल्डरपर्यंत चालूच असते.

म्हणून आमच्यासोबतच्या वायरमननी आधी मेन स्विच पाडला. टेस्टरवरही त्यांचा आंधळा विश्वास नाही, प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहिलं तर तो कधी कधी पेटतच नाही, त्यामुळे मेन पाडायच्या आधीच एका चालू सॉकेटला लावून बघितला होता. आता पितळी पट्ट्या. पहिली, नाही. दुसरी, नाही. घरात अंधार, फ्रिजची घरघरही थांबलीय.

मग त्यांनी मेन स्विचचं झाकण उघडलं, आणि मीटरकडून वायर येते त्या वरच्या टर्मिनलला टेस्टर टेकवला.

पेटला.