पडदा कानाचा, पण लक्ष नाकाकडेही द्या

नमस्कार मंडळी, आज कानाच्या पडद्याला पडलेलं भोक बुजवण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलूया. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं की पहिला प्रश्न येतो, सक्सेस होईल ना? बहुतेक वेळा होतं, साधारण 100 पैकी 80-90 जणांचा पडदा जुळून येतो, पण उरलेल्यांचा का जुळत नाही याची कारणं पुष्कळदा कानात नसतातच, नाकात असतात.

म्हणजे बघा, मधल्या कानात हवा जाते ती नाकाच्या मागे उघडणाऱ्या युस्टेशियन ट्यूबमधून. सततची सर्दी, ॲलर्जी, लहान मुलांमधे वाढलेले ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी), यामुळे ती नळी नीट उघडत नसेल तर आतला दाब कमी होतो आणि नवा पडदा आत ओढला जातो, कधीकधी परत भोकही पडतं. म्हणून नळीच्या कामाचा अंदाज घ्यायला डॉक्टर दुसरा कानही तपासतात, आणि लहान मुलांच्या बाबतीत काही सर्जन थोडं थांबूया म्हणतात, ती टाळाटाळ समजू नका प्लीज.

भोक मोठं असेल किंवा पडद्याच्या पुढच्या भागात असेल तर काम अवघड, तिथे नीट दिसत नाही, रक्तपुरवठा कमी आणि ग्राफ्टला, म्हणजे भोक बुजवायला लावतात त्या तुकड्याला, टेकायला जागाही कमी. एरवी कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण ग्राफ्ट म्हणून लावतात, पण अवघड केसमधे कानाचंच कार्टिलेज (कूर्चा) वापरतात, ते कडक असतं त्यामुळे सहजासहजी आत ओढलं जात नाही.

आणि सिगारेट! हे मी कळकळीने सांगतोय, ग्राफ्ट जगतो तो आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर आणि सिगारेटने त्याच आकसतात, तेव्हा ऑपरेशनच्या आधीपासूनच बंद करा आणि नंतरही बंदच ठेवा.

अजून एक, पडदा जुळला म्हणजे ऐकू येणारच असं नाही. आवाज पुढे पोचवणारी आतली तीन हाडं झिजली असतील, रोग हाडापर्यंत गेला असेल, तर पडदा छान बसूनही ऐकणं सुधारत नाही, त्यामुळे ऐकण्यात किती फरक पडेल हे डॉक्टरांना आधीच वेगळं विचारा.

घरी आल्यावर कानात पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंका, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करा. घाण वासाचा स्राव, ताप, गरगरणं किंवा चेहरा एका बाजूला वाकडा वाटला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच दाखवा.